खोट असावी तर टाकसाळीची

नाण्याला दोष दोन प्रकारे लागतो : जन्माने आणि संगतीने. जन्माचा दोष टाकसाळीत लागतो. संगतीचा दोष खिशात, रस्त्यावर, रेल्वेच्या रुळावर, देव्हाऱ्यात किंवा सुट्टीला आलेल्या भाच्याच्या हातून लागतो. पहिल्या प्रकारच्या नाण्याला संग्राहक ‘एरर’ म्हणतात आणि त्यासाठी छापील किमतीच्या कित्येक पट रक्कम आनंदाने मोजतात. दुसऱ्याला ‘डॅमेज’ म्हणतात आणि छापील किमतीलाही ते कोणी हातात धरत नाही. दिसायला दोन्ही नाणी सारखीच वेडीवाकडी असतात. माणसांच्या बाबतीतही न्याय हाच आहे. एखाद्याचा विक्षिप्तपणा आजोबांकडून आलेला असला तर त्याला स्वभाव म्हणतात. मित्रांकडून आलेला असला तर पोरगं वाया गेलं म्हणतात.

हे दोन दोष वेगळे ओळखण्याची विद्या हिंजवडीत रुजावी, हे स्वाभाविक आहे. इथल्या इन्फोटेक पार्कच्या तीन फेजमध्ये हजारो माणसे दिवसभर चुकाच शोधत असतात. मात्र कचेरीत चूक सापडली तर आनंद कोणालाच होत नाही. टेस्टरने चूक दाखवली की प्रोग्रामर म्हणतो, “ही चूक नाही, ते तसंच ठेवलंय.” प्रोग्रामर कबूल झाला की मॅनेजर म्हणतो, “आपल्याकडून नीट गेलं होतं. त्यांनीच वापरताना बिघडवलंय.” नाणेदोषशास्त्राचा सगळा गाभा या दोन वाक्यांत आहे, आणि तो इथे पगारी वेळेत शिकायला मिळतो. संध्याकाळी तीच नजर नाण्याकडे वळली आणि चूक सापडली, तर लोक पाठ थोपटतात. दिवसभराच्या उपासानंतर एवढी थाप माणसाला पुरते.

अभ्यासाला वेळही मुबलक मिळतो. फेज थ्रीपासून वाकडच्या पुलापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. संग्राहकाच्या हिशेबाने, दोन्ही बाजू भिंगातून पाहत गेल्यास, ते साधारण दीडशे नाण्यांचे आहे. पाऊस असल्यास तीनशे.

अडचण फक्त नाण्यांची असते. वडापावापासून वाणसामानापर्यंत सगळा व्यवहार फोनवर होत असल्याने हिंजवडीच्या खिशात नाणे येतच नाही. ते मागून आणावे लागते. प्रस्तुत लेखक एकदा पाचशेची नोट घेऊन पीएमपीच्या कंडक्टरपुढे उभा राहिला आणि चिल्लर मागू लागला.

“कुठं जायचंय?”

“कुठंच नाही. फक्त सुट्टे हवेत.”

“साहेब,” कंडक्टर म्हणाला, “माझ्याकडं सुट्टे नाहीत म्हणून भांडणारे रोज भेटतात. आहेत म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच.”

पूर्वी ही विद्या सराफांची होती. मराठेशाहीत नाणी हाताने पाडत. खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये धातूची चकती आणि वरून घणाचा घाव. पुण्याचा अंकुशी रुपया असाच पडला. वाहतूक नसलेल्या त्या काळी हिंजवडीपासून हाकेवर असलेल्या चिंचवडलाही टाकसाळ होती. शिवराईचा ठसा तर चकतीपेक्षा बहुधा मोठाच असे. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ यांतली जेवढी अक्षरे तांब्यावर मावली तेवढी उमटली, उरलेली ऐतिहासिक झाली. सगळी अक्षरे असलेली शिवराई हाच अपवाद. तेव्हा ‘माझ्याकडची शिवराई ऑफ-सेंटर आहे’ असे कौतुकाने सांगणे म्हणजे ‘आमच्या गावची नदी उन्हाळ्यात आटते’ असे कौतुकाने सांगणे होय. झिजलेल्या, कापलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयाचा भाव करताना सराफ जी कसर कापून घेई, तिला बट्टा म्हणत. नावाला लागतो तोही बट्टाच. आज हा व्यवहार पार उलटला आहे. बट्टा लागलेल्या नाण्यालाच गिऱ्हाईक जास्त मोजते; अट एकच, बट्टा सरकारी टाकसाळीत लागलेला हवा.

अशा टाकसाळी भारतात चार आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. धातूच्या पत्र्यातून चकत्या कापायच्या, त्यांची कड दाबून उचलायची, भट्टीत तापवून त्या मऊ करायच्या, धुऊन चकचकीत करायच्या आणि मग दोन ठशांमध्ये दाबायच्या, असा नाण्याचा जन्मक्रम असतो. दाब पडताना चकती एका पोलादी कड्यात बसलेली असते, म्हणून धातू बाहेर न पसरता गोल राहतो. यंत्रातून मिनिटाला शेकडो नाणी पडतात. इतक्या घाईत एखादी चूक होते, तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते, पिशवीत शिरते आणि बँकेमार्गे जगात येते. चुका तीन जागी होतात : चकतीत, ठशात किंवा ठोक्यात. नाण्यावरच्या खोडीचे कारण या तिन्हींपैकी एकीत सांगता आले तर ते नाणे एरर. ‘कुणास ठाऊक कसं झालं’ असे उत्तर येत असेल, तर ते बहुधा घरातच कोणाला तरी ठाऊक असते.

पहिली परीक्षा उंच आणि खोल यांची. ठसा म्हणजे नाण्याचे उलटे रूप. ठशावर जे खोल ते नाण्यावर उंच येते. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला तर तिथे धातूचे एक बेढब टेंगूळ येते. उलट नाण्यालाच ओरखडा गेला तर रेघ खोल जाते. म्हणून उंच रेघ टाकसाळीची आणि खोल रेघ घरची, असा ढोबळ नियम आहे. लेखकाला पहिल्याच महिन्यात दोन रुपयांच्या नाण्यावर सिंहांच्या मानेवरून गेलेली सुरेख उंच रेघ सापडली. चार दिवस ते नाणे कापसात ठेवण्यात आले. सोसायटीतल्या सहा जणांनी ते भिंगातून पाहिले आणि दोघांनी किंमतही विचारली. पाचव्या दिवशी घरातून प्रश्न आला.

“अहो, त्या रेघेला नख लावून पाहिलंत का?”

“संग्रहातल्या नाण्याला नख लावायचं नसतं.”

“मी लावलं. निघाली.”

ती मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातल्या गोंदाची ओघळ होती.

दुसरी परीक्षा सरकलेल्या ठशाची, म्हणजे ऑफ-सेंटरची. चकती यंत्रात नीट बसली नाही की ठसा एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर उरते. चकती कड्याच्या बाहेर आलेली असल्याने धातू पसरतो आणि नाण्याचा गोल बिघडतो. महत्त्वाचे म्हणजे दोन्ही बाजूंची चित्रे मिळून सरकतात, कारण दोन्ही ठसे एकाच ठोक्यात पडतात. एका बाजूचे साल अर्धे गायब आणि दुसरी बाजू जागच्या जागी ठणठणीत असेल, तर तिथे कानस फिरलेली असते. कानशीच्या बारीक समांतर रेघा भिंगातून दिसतात. त्या पाहूनही ‘टाकसाळीत कानस नसेल कशावरून?’ असा युक्तिवाद करणारे संग्राहक असतात. त्यांची पुढे मॅनेजर म्हणून बढती होते.

तिसरी परीक्षा कापलेल्या चकतीची. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर येते आणि तिला चावा घेतल्यासारखी खाच पडते. असा चावा घरी कातरीनेही घेता येतो. परंतु खऱ्या चाव्याची खूण चाव्यापाशी नसते, बरोबर समोरच्या कडेला असते. कड उचलणारे यंत्र चकतीला दोन्हीकडून दाबते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड अशक्त, पुसट राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. लग्नात चिमटा एका पक्षाला काढावा आणि चेहरा समोरच्या पक्षाचा पडावा, तसाच हा प्रकार. घरी कातरलेल्या नाण्याची समोरची कड मात्र कशी निर्विकार, भक्कम असते. तिला या लग्नाचे आमंत्रणच नसते.

चौथी परीक्षा ब्रॉकेजची, आणि बाजारात मान हिलाच मोठा. पडलेले नाणे कधी ठशाला चिकटून राहते. पुढची चकती आली की ते नाणेच ठशाचे काम करते. परिणामी नव्या नाण्याच्या एका बाजूला सिंह नेहमीसारखे उंच येतात आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोल आणि आरशातल्यासारखे उलटे उमटतात. ‘सत्यमेव जयते’ उलटे वाचावे लागते, ज्याची अनेकांना सवय असते. याची नक्कल दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळून करतात. मात्र खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूचे मूळ चित्र कधी उमटलेलेच नसते. नकलेत खोल गेलेल्या उलट्या अक्षरांखाली मूळ आकड्याचे अवशेष डोकावत राहतात आणि पाठीमागची बाजू शिकंज्याच्या जबड्याने चेपलेली असते. लेखकाने असे एक नाणे घेऊन रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. तिथल्या विक्रेत्याने ते उन्हात एकदा फिरवले.

“साहेब, हे एरर नाही. हा आजार आहे.”

“पण उलटे सिंह आहेत ना?”

“उलटे आहेत, पण खाली रुपया अजून जिवंत आहे. कुणीतरी फार जीव खाऊन आवळलंय बघा.”

पाचवी परीक्षा दहा रुपयांच्या नाण्याची. ते दोन धातूंचे असते, म्हणजे बाहेर पिवळे कडे आणि आत पांढरा गाभा. गाभ्याशिवाय नुसते कडेच ठशाखाली गेले, तर दाबाने आतली कड भोकाच्या दिशेने किंचित वाहते आणि तिचा काटकोन मोडतो. तयार नाण्यातून गाभा ठोकून काढला असेल, तर आतली कड सरळ, करकरीत असते आणि कड्यावरचे चित्र तिथे सुरीने कापल्यासारखे संपते. गाभा काढून उलटा बसवलेली नाणीही फिरतात. ती टेबलावर आपटली की थोड्या वेळाने गाभा स्वतःहून खरे बोलतो.

सहावी परीक्षा छापा-काट्याची. दोन्ही बाजूंना छापाच असलेले नाणे १९७५ च्या ‘शोले’मुळे घराघरांत पोहोचले आणि तेव्हापासून दर पिढीतल्या एका तरी काकांकडे ते असल्याची बोलवा असते. वरचा आणि खालचा ठसा यंत्रात वेगवेगळ्या जागी बसत असल्याने असे नाणे चुकून पडणे जवळजवळ अशक्य. बाजारात दिसते ते जादूगाराचे नाणे. एक नाणे आतून पोखरायचे, दुसरे कातून बारीक करायचे आणि पहिल्याच्या पोटात बसवायचे. कडेच्या आतल्या अंगाला गोल शिवण सापडते आणि फरशीवर टाकले तर खणखणीत आवाजाऐवजी ओशाळलेला ‘ठप्प’ येतो. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात लेथ पुष्कळ आहेत आणि हात कुशल आहेत. म्हणून अशा नाण्याचे इथे फार आश्चर्य करू नये.

याखेरीज काही नाणी पूर्ण निर्दोष असूनही नवशिक्याला सदोष वाटतात. यांची संख्या सर्वांत मोठी. भारतीय नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले की मागची बाजू सरळ दिसते. अमेरिकेचे नाणे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे खालून वर उलटायचे असते. तीन महिने ऑनसाइट राहून परतलेल्या एका सहकाऱ्याने क्वार्टर डॉलरची नाणी पानासारखी उलटली आणि प्रत्येकाची मागची बाजू डोक्यावर उभी पाहून त्याचा श्वास अडकला.

“अरे, सतरापैकी सतरा एरर!”

“सतरापैकी सतरा चुकीचे निघाले तर चूक कोणाची?” टेस्टरने विचारले. हे वाक्य तो कचेरीत रोज बोलतो, पण तिथे ते कोणी ऐकत नाही.

टाकसाळीच्या खुणांचेही असेच. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. ही शेवटची माहिती कळेपर्यंत संग्राहकाकडे ‘खूण गायब’ अशी चिठ्ठी लावलेली नाण्यांची एक पूर्ण बरणी तयार झालेली असते. काही वर्षी भारताने परदेशातूनही नाणी पाडून आणली. त्यामुळे एखाद्या जुन्या रुपयावर मेक्सिकोच्या टाकसाळीचे, डोक्यावर इवलेसे वर्तुळ घेतलेले ‘एम’ अक्षर दिसते. ती चूक नव्हे, प्रवास आहे. २००७ च्या सुमाराच्या नाण्यांवर आकड्याबरोबर हाताची मुद्राही आली : एका रुपयावर वर केलेला अंगठा, दोनवर दोन बोटे. ही नाणी पहिल्यांदा पाहणारा ती खेळण्यातली समजतो.

दहा रुपयांच्या नाण्याने तर कहर केला. कुठे किरणे दहा, कुठे पंधरा, कुठे रुपयाचे चिन्ह आहे, कुठे नाही. दुकानदारांनी आपापल्या पसंतीची नाणी खरी ठरवून बाकीची नकली म्हणून परत करायला सुरुवात केली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की आजवर चौदा नमुन्यांची दहा रुपयांची नाणी काढली असून चौदाही चालतात. दुकानदारांनी हे शांतपणे ऐकून घेतले.

याच्या उलट जाणारे उदाहरण भोकाच्या पैशाचे. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ ते १९४७ या काळात एक पैशाचे नाणे मध्ये भोक ठेवूनच पाडले गेले. लेखकाने डब्यातला असा पैसा ‘कोणीतरी ड्रिल मारलंय’ म्हणून बाजूला टाकला, तेव्हा आजीने तो उचलून घेतला.

“अरे बाळा, हा असाच यायचा. आम्ही करदोड्यात ओवायचो.”

“मग करदोड्यामुळे भोक मोठं झालं असेल.”

“तू इंजिनिअर ना?” आजीने विचारले.

नजरेचे काम संपले की मोजमाप सुरू होते. लागणारे साहित्य थोडे : दहापट मोठे दाखवणारे भिंग, सोनाराचा शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा, व्हर्निअर आणि लोहचुंबक. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. तो रव्याच्या बाबतीतही मोघमच बोलतो. २०११ पासूनच्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे. गंमत अशी की १९९२ पासून निघालेला पोलादी रुपयाही ४.८५ ग्रॅमचाच होता आणि व्यास दोघांचाही २५ मिलिमीटर. जुना रुपया आणि नवे दोन रुपये अंधारात ओळखू येत नाहीत, ही टाकसाळीची चूक नसून सरकारी काटकसर असावी. पाच रुपयांचे जुने तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅमचे आणि २००७ चे पोलादी नाणे ६ ग्रॅमचे. हे ठाऊक नसलेल्या लेखकाने तीन ग्रॅम धातू चोरीला गेल्याची तक्रार लिहायला घेतली होती.

लोहचुंबकाची महती अमेरिकेच्या १९४३ सालच्या सेंटवरून कळते. युद्धामुळे त्या वर्षीचा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा निघाला. मोजके सेंट मात्र चुकून ब्राँझच्या शिल्लक चकत्यांवर पडले, आणि आज ते अतिशय मौल्यवान आहेत. साहजिकच पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देण्याचा उद्योग सुरू झाला. लोहचुंबक जवळ नेला की ते सगळे उड्या मारत येऊन चिकटतात. यावर उपाय म्हणून काहींनी १९४८ चा खरा ब्राँझचा सेंट घेऊन इंग्रजी आठाची डावी बाजू घासली आणि त्याचा तीन केला. चुंबक हरला, पण भिंग हरले नाही. घासलेल्या तिनाचे वळण त्या वर्षीच्या खऱ्या तिनासारखे येत नाही.

आता निव्वळ संगतीच्या दोषांची यादी. रुळावर ठेवलेले नाणे पसरून पातळ पान होते. एका पिढीने ही कृती त्याचे लोहचुंबक होईल या आशेने केली. लोणावळा लोकलने अनेक नाणी चपटी केली, चुंबक एकाचेही झाले नाही. आम्लात बुडवलेले नाणे सर्व बाजूंनी सारखे झिजते, हलके होते आणि अक्षरे उपवास केल्यासारखी बारीक होतात. गॅसवर तापवलेल्या नाण्याला निळी-जांभळी झाक येते, ती ‘चुकीचा धातू’ म्हणून विकली जाते. न्यू जर्सीच्या मावसभावाने पाठवलेले, कडेने वळून जाड झालेले नाणे कपडे वाळवणाऱ्या यंत्रात अडकून महिनोन्महिने गडगडलेले असते. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर हळदीकुंकवाचे थर चढतात आणि ते काढताना श्रद्धा व शास्त्र यांचा घरगुती संघर्ष होतो. हिंजवडीचे स्वतःचे योगदान म्हणजे रस्त्यावरचे नाणे. डंपर, कंपन्यांच्या बस आणि मेट्रोच्या कामाची यंत्रे यांच्याखाली ते असे तुडवले जाते, की त्यावर सर्व दिशांचे ओरखडे आढळतात. टाकसाळीची चूक एका पद्धतीने होते. ट्रॅफिकची चूक सगळीकडून होते.

दोष घरी बनवण्याच्या विचारात असणाऱ्यांनी २०११ चा नाणे कायदा पाहून ठेवावा. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे यांस त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. इतक्या अवधीत खरे एरर आपोआपही सापडू शकते. विकण्याच्या घाईत असणाऱ्यांसाठीही सूचना आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या स्मारक नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असे निरोप फोनवर फिरतात, आणि ‘आधी कर भरा’ म्हणून उलट मालकाकडूनच पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नावावरही हा धंदा चालल्याने ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने पत्रक काढून, आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाकडून कमिशनही मागत नाही, असे कळवले. ते पत्रक लेखकाला ज्यांनी पाठवले, त्यांनीच पुढच्या आठवड्यात वैष्णोदेवीचा भाव विचारला.

सर्व परीक्षा संपल्यावर निकाल लागतो. लेखकाच्या डब्यातील त्रेचाळीस ‘एरर’ नाण्यांपैकी एकोणीस निर्दोष, अकरा तुडवलेली, सात तापवलेली किंवा बुडवलेली, चार भाच्याची आणि एक गोंदाचे निघाले. उरलेले एक खरे होते. दोन रुपयांच्या त्या नाण्यावर ठशाच्या खाचेत वंगण भरल्याने एक अक्षर उमटले नव्हते. अक्षराच्या जागी घासल्याची खूण नव्हती आणि धातूची मूळ झळाळी तिथून अखंड पुढे गेली होती. जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने ते बराच वेळ पाहिले.

“हे टाकसाळीचंच आहे, साहेब. पण बारकी चूक आहे. वीस रुपये देतो.”

दुपटी-तिपटीने नव्हे, तर दसपट. लेखक भरून पावला. विक्रेत्याने चुकलेले नाणे मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घातले, त्यावर चिठ्ठी लावली आणि गल्ल्यातून दहा रुपयांची दोन नवीकोरी, एकही खोट नसलेली नाणी काढून दिली. परतताना वाकडच्या पुलाखाली लेखकाने चहा घेतला आणि त्यातले एक नाणे पुढे केले.

“दहाचं नाणं चालत नाही. नकली असतात,” टपरीवाला म्हणाला. “स्कॅन करा.”

ती दोन नाणी सध्या लेखकाच्या खिशात किल्ल्यांच्या शेजारी असतात. त्यांना संगतीचा दोष लागायला सुरुवात झाली आहे.